आबांची ट्रंक : एका घरगुती संकलनाच्या नोंदी

7 जानेवारी 2024, कराड

आबा 28 नोव्हेंबर 2023 रोजी, त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पाटण तालुक्यातील आमच्या गावी वयाच्या 78 व्या वर्षी गेले. तेराव्याला मांडवात बसलेल्या मंडळींनी त्यांच्याविषयी इतके सांगितले, आणि त्यातले इतके एकमेकांशी जुळेना, की हे सगळे एकदा नीट लिहून काढावे असे बाबा, काका आणि मी अशा तिघांनाही वाटले. आज त्या कामाची पहिली बैठक झाली. वर्षश्राद्ध कार्तिक वद्य प्रतिपदेला, म्हणजे 16 नोव्हेंबर 2024 रोजी येते. तोपर्यंत 48 पानांची स्मरणपुस्तिका छापून हातात असावी, छपाईचा खर्च काकांनी करावा, जुन्या माणसांना भेटण्याचे काम बाबांनी अंगावर घ्यावे आणि कागदपत्रे स्कॅन करणे व मजकूर लिहिणे मी करावे, असे ठरले.

एक नियम मी आग्रहाने मांडला. पुस्तिकेतल्या प्रत्येक विधानामागे एक तर कागद असावा, नाही तर ते कोणी सांगितले हे त्याच ठिकाणी लिहिलेले असावे. काकांना हे कोरडे वाटले. ‘श्रद्धांजली लिहायची आहे, फिर्याद नव्हे,’ असे ते म्हणाले. तरी अखेरीस नियम मान्य झाला, कारण वादाचा मुद्दा आम्हा तिघांनाही माहीत होता. आबा 1971 च्या लढाईत विमानातून छत्री घेऊन उतरले होते, ही गोष्ट गावात लहान पोरही सांगते. पण ती आबांच्या तोंडून ऐकल्याचे आमच्यापैकी कोणालाच आठवेना.

जाता जाता एक नोंद. आबांनी निवृत्तिवेतनासाठीचा हयातीचा दाखला 3 नोव्हेंबरला दिला होता. ‘आता पुढच्या नोव्हेंबरापर्यंत सरकारदरबारी मी जिवंत,’ असे ते दरवर्षी म्हणत, तसे यंदाही म्हणाले होते.

21 जानेवारी 2024, गाव

आज ट्रंक उघडली. ती पत्र्याची, काळ्या रंगाची आहे आणि झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव घातलेले आहे. झाकण उन्हात तिरपे धरले तेव्हा ‘हवालदार’ या शब्दाखाली काळ्या रंगाने झाकलेला ‘नाईक’ आणि त्याच्याही खाली ‘शिपाई’ दिसला. बढती मिळाली की आबा जुना हुद्दा खरवडून काढत नसत, त्यावर काळा हात मारून नवा लिहीत. या झाकणाचे छायाचित्र मुखपृष्ठावर घ्यावे, असे मला वाटते.

आत निघालेल्या वस्तूंची यादी वेगळ्या वहीत केली आहे. त्यातल्या कामाच्या चीजा अशा : डिस्चार्ज बुक (फौजेतल्या नोकरीच्या नोंदींचे पुस्तक), मेणकापडात बांधलेली 63 पत्रे, पदकांची पेटी, काचेच्या चौकटीतले एक सामूहिक छायाचित्र, 1981 पासून 2023 पर्यंतच्या 42 वह्या, ब्रासोचा रिकामा डबा आणि बूट पॉलिशच्या दोन डब्या. त्यांपैकी एक अर्धी वापरलेली होती आणि तिचा वास अजून टिकून होता.

आजी दाराशी बसून पाहत होती. आबा सुट्टीवर यायचे तेव्हा कराडच्या स्टेशनवर, म्हणजे ओगलेवाडीला उतरून, ही ट्रंक खांद्यावर घेऊन एसटी गाठायचे आणि फाट्यापासून पुढे पुन्हा खांद्यावरच आणायचे, असे तिने सांगितले. ‘ट्रंकंचा आवाज आधी यायचा, मग माणूस दिसायचं,’ हे तिचे वाक्य जसेच्या तसे घेतले आहे.

26 जानेवारी 2024, गाव

आजचा दिवस मुद्दाम निवडला. आमच्या माजघराच्या चौकटीच्या डाव्या खांबावर घरातल्या सगळ्या नातवंडांच्या उंचीच्या खुणा आहेत आणि त्या आबांनी दरवर्षी 26 जानेवारीलाच केलेल्या आहेत. आज त्यांच्याशेजारी टेप लावून छायाचित्रे काढली. प्रत्येक खुणेपाशी पेन्सिलीने तारीख, वेळ आणि सेंटिमीटर आहेत. माझी पहिली खूण ‘26-1-98, 0600, 110’ अशी आहे. टेपने मोजल्यावरही ती बरोबर 110 भरली. शाळेतल्या झेंडावंदनाला जाण्याआधी, अंघोळ झालेली असताना, टाचा खांबाला टेकवून आणि हनुवटी सरळ ठेवून उभे राहावे लागे, आणि डोक्यावर आडवी धरलेली फूटपट्टी हलू नये म्हणून आम्ही श्वास रोखून धरत असू. भरतीच्या मैदानावर उमेदवाराची उंची घेतात तशीच ती पद्धत होती, हे आज लक्षात आले.

ही चौकट 1968 सालची आहे. तिच्याआधीचे घर 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी झालेल्या कोयनेच्या भूकंपात बसले होते. आबांची धाकटी बहीण त्यात गेली. आबा तेव्हा चार वर्षांच्या नोकरीचे शिपाई होते. तार मिळाल्यावर आले आणि मिळालेल्या रजेत मिळालेल्या पत्र्यांचे छप्पर उभे करून परत गेले. चौकट पुढच्या उन्हाळ्यात बसवली. हे सगळे आजीच्या सांगण्यावरून.

11 फेब्रुवारी 2024, कराड

पदके तपासली. ‘पूर्वी स्टार’ आणि ‘संग्राम मेडल’ ही 1971 च्या युद्धाची दोन, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे पदक आणि नऊ वर्षांच्या सेवेचे पदक, अशी चार आहेत. गोल पदकाच्या कडेवर सैनिकाचा नंबर आणि नाव कोरलेले असते. कोणते पदक कोणाचे, याचा तोच खरा पुरावा. म्हणून जुनी पदके घासू नयेत, असे जाणकार सांगतात. आबांनी ती दरवर्षी 25 जानेवारीला आणि 14 ऑगस्टला रात्री ब्रासो लावून घासली. त्यामुळे संग्राम मेडलच्या कडेवरचे नाव इतके झिजले आहे की साध्या नजरेला ते दिसतच नाही. खोलीत अंधार करून विजेरीचा झोत आडवा टाकला तेव्हा नंबराचे शेवटचे चार आकडे आणि आडनावाचे पहिले अक्षर लागले. डिस्चार्ज बुकातल्या नंबराशी ते जुळतात.

काकांनी पुस्तिकेच्या छायाचित्रासाठी ती पुन्हा चकचकीत करून घेण्याचे सुचवले. मी नको म्हणाले. आता ती मऊ सुती कापडात, एकमेकांना घासणार नाहीत अशी वेगवेगळी गुंडाळून ठेवली आहेत.

3 मार्च 2024, कराड

आज डिस्चार्ज बुक पूर्ण वाचून काढले आणि अपेक्षेप्रमाणे अडचण उभी राहिली. भरती 1963, बेळगाव. निवृत्ती 1981, हुद्दा हवालदार. पलटण पहिली मराठा, म्हणजे 1768 साली उभी राहिलेली आणि फौजेत ‘जंगी पलटण’ या नावाने ओळखली जाणारी. शिक्षणाच्या रकान्यात नकाशावाचनाचा आणि शस्त्रांचा असे दोन अभ्यासक्रम आहेत. हवाई छत्रीच्या प्रशिक्षणाची नोंद कुठेही नाही. छत्रीधारी सैनिकाला ते प्रशिक्षण पुरे केल्याशिवाय विमानातून उडी मारू देत नाहीत, आणि ते केले असते तर त्याची नोंद या पुस्तकात झाल्याशिवाय राहिली नसती.

बाबांना हे दूरध्वनीवर सांगितले तेव्हा ते काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘पान फाटलं असंल.’ पान फाटलेले नाही. पृष्ठक्रमांक सलग आहेत.

17 मार्च 2024

सेवेच्या तपशिलासाठी बेळगावच्या अभिलेख कार्यालयाकडे अर्ज पाठवला. सोबत मृत्यूचा दाखला, डिस्चार्ज बुकाची प्रत आणि आजीचे संमतिपत्र जोडले.

आजीच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचा कागद अजून अडला आहे. लग्नात तिचे नाव बदलले. आबांनी फौजेच्या कागदांत नवे नाव लावले, पण आधार कार्डावर आणि बँकेच्या पासबुकावर, का कोण जाणे, माहेरचेच नाव आले. एकाच बाईची ही दोन नावे आहेत हे पटवून देण्यासाठी प्रतिज्ञापत्र, लग्नाला हजर असलेल्या दोन माणसांचे जबाब आणि तीन फेऱ्या झाल्या. खिडकीमागच्या गृहस्थांनी ‘यांतली खरी कोणती?’ असे विचारले तेव्हा आजी म्हणाली, ‘जी तुमच्या म्होरं हुबी हाय ती.’ हा प्रसंग पुस्तिकेत घेणार नाही. पण नोंदवहीत राहू द्यावा.

14 एप्रिल 2024, गाव

पत्रांचे वाचन सुरू आहे. 63 पैकी 41 तारखेनुसार लावली. बाकीच्यांवर टपालाचे शिक्केच लागलेले नाहीत किंवा पुसले आहेत. आबांच्या वडिलांना वाचता येत नव्हते, त्यामुळे पत्र शाळेचे गुरुजी वाचून दाखवत, आणि ते चावडीसमोर, चार माणसांत. हे ठाऊक असल्यानेच असेल, पण पत्रांत मनातले फारसे काही नाही. ‘मी इकडे खुशाल आहे, तुम्ही सर्व खुशाल असाल,’ या वाक्याने प्रत्येक पत्र सुरू होते आणि पुढे म्हैस, भाताची मळणी, सोसायटीचे कर्ज आणि बहिणीच्या लग्नाची बोलणी येतात. ठिकाणाचे नाव नसते, कारण लष्करी टपालात ते लिहायचे नसते. पत्त्यात फक्त पलटण आणि ‘मार्फत 56 एपीओ’ (एपीओ म्हणजे लष्करी टपाल कार्यालय) एवढेच. 1971 च्या पावसाळ्यापासून मात्र 56 ऐवजी 99 हा आकडा येऊ लागतो. पूर्वेकडच्या फौजेचे टपाल 99 वरून जाई, म्हणजे आबा त्या सुमारास पूर्वेला गेले, हे केवळ या दोन आकड्यांवरून ठरवता आले. एका ओळीचाही मजकूर न वाचता माणूस देशाच्या दुसऱ्या टोकाला गेल्याचे कळते, याची मला गंमत वाटली.

युद्धानंतरचे पहिले पत्र 21 डिसेंबर 1971 चे आहे. ते संपूर्ण उतरवून घेतले. शुद्धलेखन त्यांचेच ठेवले आहे. त्यातली कामाची ओळ अशी : ‘चालने फार झाले त्यामुळे पायास फोड आले होते ते आता बरे आहेत काळजी करू नये.’ याखेरीज युद्धाविषयी एक शब्दही नाही. लगेच पुढे ‘भात किती पोती झाले ते कळवने’ आहे.

5 मे 2024, वडूज रस्ता

आबांच्याच पलटणीतले आणि त्यांच्याच कंपनीतले एक निवृत्त नायब सुभेदार खटाव तालुक्यात, वडूजच्या पुढे एका वस्तीवर राहतात. पत्ता तेराव्याला आलेल्या एका गृहस्थांनी दिला होता. बाबा आणि मी सकाळी निघालो. लोकसभेच्या प्रचाराचा शेवटचा दिवस असल्याने रस्त्यात दर दोन मैलांवर भोंगे लावलेल्या गाड्या आडव्या आल्या. पाटणच्या माणसाला त्या बाजूचा उन्हाळा पाहवत नाही. विहिरी कोरड्या, शिवारात हिरवे म्हणून काही नाही. सुभेदारसाहेबांचे वय 80, ऐकू थोडे कमी येते, पण बैठक ताठ आहे. आम्ही कोण हे सांगताच त्यांनी सुनेला आधी जेवणाचे सांगितले आणि मगच बोलायला बसले.

ध्वनिमुद्रण 1 तास 50 मिनिटांचे झाले. छत्रीचा विषय बाबांनीच काढला. सुभेदारसाहेब मोठ्याने हसले. ‘छत्रीवाले येगळे. ते सेकंड पॅरा. पर ते बी मराठेच की! आमी म्हागनं पायी जाऊन त्यास्नी भेटलो. त्या पुलावर गळ्यात गळे घातले.’ मग त्यांनी ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडून सीमा कुठे, नदी कुठे आणि पूर्व पाकिस्तानातले जमालपूर कुठे हे मांडून दाखवले. मीठ म्हणजे शत्रूचे ठाणे होते. ‘गाड्या थोड्या, माणसं जास्त. अंगावर दारूगोळा, आन् रात्रीचं चालणं. तुजा आजा माज्या म्होरं हुता. त्याच्या टाचंकडं बघत मी बांगलादेश चाललो.’

परतीच्या वाटेवर मला एक जुनी गोष्ट आठवली आणि ती इथे लिहिलीच पाहिजे. मी पाचवीत असताना 15 ऑगस्टला शाळेत आबांवर भाषण केले होते. आबा विमानातून कसे उतरले ते हातवारे करून सांगितले आणि टाळ्या मिळवल्या. आबा पहिल्या रांगेत बसले होते. घरी येताना, माझे बोट धरून, ते म्हणाले होते, ‘पोरी, आमी चालत गेलतो.’ मला ते मोठेपण न मिरवण्यातले वाटले. बाबांना विचारले तेव्हा त्यांनाही तेच वाक्य त्यांनी ऐकल्याचे आठवले, काकांनाही आठवले. गावातल्या पारावर, पाहुण्यांत, पेन्शनरांच्या मेळाव्यात, जिथे जिथे छत्रीचा विषय निघाला तिथे तिथे ते एवढेच म्हणत. सर्वांनी ते विनयात जमा केले. माणूस सरळ साक्ष देत होता आणि आम्ही त्यावर कौतुकाने मान डोलावत होतो.

16 जून 2024, गाव

आज वह्यांना हात लावला. 42 वह्यांमध्ये निवृत्तीनंतरचा जवळजवळ प्रत्येक दिवस आहे, पण एकेका दिवसाला दोन-तीन ओळींपेक्षा जास्त जागा दिलेली नाही. दूध किती, पाऊस किती, कोण आले, कोण गेले. वेळ सगळीकडे फौजी पद्धतीची, 0430, 1900 अशी. 11 डिसेंबरला दरवर्षी ‘उपवास’ एवढा एकच शब्द येतो.

2001 च्या वहीत, ऑगस्टच्या पानांवर, माझ्या हाती जे लागले त्याचा शोध मी घेत नव्हते. आई-बाबा तेव्हा मुंबईला होते आणि सातवीपर्यंत मी आजी-आबांपाशी वाढले. त्या श्रावणात मला विषमज्वर झाला होता. मला स्वतःला त्या आजारपणातले कपाळावरची गार पट्टी आणि पॉलिशचा वास एवढेच आठवते. आबांनी त्या दिवसांची फूटपट्टीने आखून सारणी केली आहे. रकाने पाच : तारीख, वेळ, ताप, काय दिले, ड्यूटी. दर चार तासांनी एक नोंद, दिवसा आणि रात्री, सलग सतरा दिवस. ‘2200, 103, पट्टी.’ ‘0200, 102.4, पाणी दोन चमचे.’ ‘0600, 101, झोपली.’ मधे एका ठिकाणी ‘1400, 100, वरणाचे पाणी मागितले’ असे आहे आणि ‘मागितले’ या शब्दाखाली रेघ मारलेली आहे. सबंध वहीत दुसरी अधोरेखित ओळ नाही. मी पाने उलटून खात्री केली.

ड्यूटीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘स्वतः’ आहे. फक्त नवव्या रात्री 0200 च्या नोंदीसमोर ‘सौ.’ लिहिले आहे, आणि बाजूला समासात, बारीक अक्षरात : ‘डोळा लागला. चूक माझी.’

पहाऱ्यावर झोपणे हा फौजेत गुन्हा आहे, हे मला माहीत आहे. आठ रात्री जागलेल्या, 56 वर्षांच्या माणसाने तो गुन्हा स्वतःवर नोंदवून ठेवला, आणि ज्या वहीत नोंदवला ती कोणी वाचेल असे त्यांना वाटण्याचे काही कारण नव्हते. आजीला विचारले, तर ‘मीच उठवलं न्हाई त्यास्नी. सकाळी माज्यावर लई चिडलं,’ एवढेच ती म्हणाली.

हे पान पुस्तिकेच्या मध्यभागी, पूर्ण आकारात घ्यायचे. 600 डीपीआयवर स्कॅन केले आहे. काकांची संमती आज घेतली नाही, पण मी या बाबतीत मागे हटणार नाही.

28 जुलै 2024, गाव

आठवडाभर पाऊस थांबलेला नाही आणि कागदांना दमट वास येऊ लागला आहे. वह्या ट्रंकेतून काढून लाकडी फळीवर उभ्या ठेवल्या आहेत. सामूहिक छायाचित्र ओलाव्याने काचेला चिकटलेले आहे. छायाचित्राच्या पृष्ठभागावर जिलेटिनचा थर असतो. तो ओल धरून काचेला बसला की ओढून काढताना चेहरेच निघून येतात. हे मला आधी समजले असते तर बरे झाले असते, कारण एका छायाचित्रकाराने ‘काढून देतो’ म्हणून उजवा कोपरा सोलला आणि त्यात मागच्या रांगेतले दोन जवान गेले. आबा डावीकडे आहेत, म्हणून वाचले. आता ते काचेसकट, दोन्ही बाजूंनी तिरपा उजेड टाकून पुन्हा टिपले आहे. गेलेल्या दोघांची नावे सुभेदारसाहेबांना दूरध्वनीवर विचारली. एकाचे त्यांना आठवले.

त्याच बोलण्यात 11 डिसेंबरचा उपवास निघाला. आम्ही घरात तो भूकंपात गेलेल्या आत्याआजीचा समजत आलो. सुभेदारसाहेब म्हणाले की जमालपूरची ती रात्र 10 आणि 11 डिसेंबरमधली, आणि त्या रात्री कंपनीतली माणसे गेली. ते स्वतः त्या दिवशी चूल पेटवू देत नाहीत. आजीला हे सांगितले तेव्हा तिने तांदूळ निवडणे थांबवले नाही. ‘दोन्ही बी आसंल,’ म्हणाली. पुस्तिकेत दोन्ही कारणे सांगणाऱ्याच्या उल्लेखासह द्यायची.

15 सप्टेंबर 2024, कराड

बेळगावचे उत्तर आले. एकच पान आहे, पण पलटण, कालावधी आणि पदके यांना दुजोरा आहे. त्यामुळे युद्धाचे पान आज लिहून पूर्ण केले. मसुदा येथे उतरवून ठेवते.

‘3 डिसेंबर 1971 रोजी युद्ध सुरू झाले तेव्हा आबांची पलटण 95 माउंटन ब्रिगेडबरोबर मेघालयाच्या सीमेवरून पूर्व पाकिस्तानात उतरणाऱ्या फौजेत होती. वेढ्यात सापडलेले कमालपूरचे ठाणे 4 डिसेंबरला शरण आले. पुढे जुन्या ब्रह्मपुत्रेच्या दक्षिण तीरावर जमालपूर होते आणि तेथे बलुच पलटण भक्कम मोर्चे बांधून बसली होती. समोरून धडक मारण्याऐवजी लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या हाताखालच्या पहिल्या मराठा पलटणीने नदी ओलांडून जमालपूरच्या मागचा, ढाक्याकडे जाणारा रस्ता रोखून धरला. ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी शरण येण्याविषयी चिठ्ठी पाठवली, तिचे उत्तर बंदुकीची गोळी गुंडाळून आले. 10 डिसेंबरच्या रात्री वेढ्यातून बाहेर पडू पाहणाऱ्या फौजेने रस्ता अडवून बसलेल्या मराठ्यांवर हल्ले केले, ते मोडले आणि 11 डिसेंबरला जमालपूर पडले. त्याच दिवशी दुपारनंतर टांगाइलजवळ सेकंड पॅरा ही पलटण विमानांतून उतरली आणि तिने पुंगलीचा पूल ताब्यात घेतला. सेकंड पॅरा ही मुळात मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण. 1952 मध्ये पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हा ती तिकडे गेली. आबांची पलटण जमिनीवरून पुढे येऊन या छत्रीधारी सैनिकांना पुलावर मिळाली. 16 डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली.’

नंतर वाचताना ब्रिगेडियर क्लेर यांचे नाव मी चुकीचे लिहिल्याचे दिसले, ते हरदितसिंग. मूळ मसुद्यात दुरुस्त केले, इथे चूक तशीच ठेवली आहे, कारण ही नोंदवही आहे.

छत्रीची कथा कुठून आली याचा अंदाज आता बांधता येतो, पण तो अंदाजच. ‘मराठे विमानातून उतरले’ आणि ‘आमचा माणूस मराठा पलटणीत आहे’ या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि एकाच पुलावर भेटल्या होत्या. गावाने त्या जोडल्या. या अंदाजाखाली माझे नाव घातले आहे.

20 ऑक्टोबर 2024, कराड

छापखान्याकडे मजकूर दिला. विधानसभेची निवडणूक आणि दिवाळी एकदम आल्याने छापखान्यात पाय ठेवायला जागा नाही; हस्तपत्रकांच्या गठ्ठ्यांमध्ये आमच्या 80 प्रतींना कोण विचारतो! तरी 12 नोव्हेंबरचा शब्द मिळाला आहे. कागद 100 जीएसएमचा, मॅट. चकचकीत कागदावर पेन्सिलीच्या खुणा दिसेनात. काकांनी ज्वराचे पान पाहिले. काही बोलले नाहीत. फक्त ‘समास कापू नको’ म्हणाले.

17 नोव्हेंबर 2024, गाव

वर्षश्राद्ध काल पार पडले. 80 पैकी 69 प्रती गेल्या, 11 उरल्या. त्यांतल्या दोन गावच्या वाचनालयाला आणि एक वडूजला पाठवायची. ट्रंकेत सिलिका जेलच्या पुड्या घालून पत्रे व पदके परत ठेवली. वह्या वरच्या फळीवर राहतील. सर्व स्कॅन तीन ठिकाणी साठवले आहेत.

शुद्धिपत्र : पान 9 वर ‘आबा पायी गेले’ या ठिकाणी ‘आबा पायरी गेले’ असे छापले गेले आहे. तीन वेळा मुद्रिते तपासूनही हे सुटले, आणि तेही नेमक्या याच वाक्यात. शनिवारी रात्री बाबा, काका आणि मी माजघरात बसून उरलेल्या प्रतींवर ‘पायी’ असे छापलेल्या चिठ्ठ्या खळीने चिकटवल्या. गेलेल्या प्रतींसाठी चिठ्ठ्या घरोघर पोचवण्याचे काम काकांनी घेतले आहे.

जेवणावळ उठल्यावर शेजारचे थोरले अण्णा चष्मा लावून पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटापर्यंत चाळत बसले होते. ‘सगळं झाक केलंय,’ ते म्हणाले, ‘फकस्त छत्रीचं पान ऱ्हायलं.’ बाबा त्यांच्याशेजारी बसले आणि पत्रावळीवर उरलेला भाकरीचा तुकडा घेऊन त्यांना नदी कुठे आणि जमालपूर कुठे हे दाखवू लागले.